माळ्यावरच्या बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन: उतरत्या कौलारू छताखालचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत, एक जुनं कौलारू घर आहे. भिंती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं, आढं म्हणजे छताचा सगळ्यात उंच कणा दक्षिणोत्तर. मुलं पुण्या-मुंबईला गेल्यावर काका-काकूंनी घराचा काही भाग पाहुण्यांसाठी खुला करायचं ठरवलं. खाली दोन खोल्या होत्याच. पूर्वी भाताचे कणगे आणि अडगळ ठेवायचा माळा मोकळा केला, त्याला फळ्यांची नवी जमीन केली आणि तिथे बाथरूमसह एक खोली काढली. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही बारीकसारीक तपशील इथे दिलेले नाहीत.

बाथरूम आलं घराच्या दक्षिण टोकाला, पूर्वेकडच्या पाख्याखाली. आढ्याकडची आतली भिंत सव्वातीन मीटरच्या आसपास उंच आणि वळचणीकडची बाहेरची भिंत जेमतेम पावणेदोन मीटर. उंच बाजूला दार आणि शॉवर, मध्ये कमोड, बुटक्या बाजूला बादली, नळ आणि काचेच्या पट्ट्यांची लूव्हर खिडकी. वाशांच्या खालून पीव्हीसी पॅनेलचं छत मारलेलं, कौलांइतकंच उतरतं. माणसाला उभं राहून आंघोळ करायची तर शॉवर उंच बाजूलाच हवा, हे बरोबर होतं. गडबड पंख्याच्या जागेत होती.

तक्रार

पहिला हंगाम दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत गेला. पावसाळ्यात पाहुणे कमी असतात. तरी जून-जुलैत आलेल्या दोन-तीन कुटुंबांनी खोलीला कुबट वास येतो असं सांगितलं. काकूंच्या शब्दांत, “आंघोळ करून माणूस बाहेर आला की पाठोपाठ खोलीसुद्धा घामेजते.” गणपतीच्या साफसफाईला छताचं एक पॅनेल उतरवलं, तेव्हा आढ्याजवळच्या रिपांवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांवर, काळी बुरशी होती आणि एका वाशाला ओल धरली होती. लाकूड जुनं सागवानी, म्हणून अजून ठणठणीत होतं. नवं हलकं लाकूड असतं तर वाळवीला आवतणच होतं.

पंखा नव्हता असं नाही. लूव्हर खिडकीच्या अर्ध्या भागातल्या पट्ट्या काढून तिथे आठ इंची एक्झॉस्ट फॅन बसवला होता, उरलेल्या अर्ध्यात काचेच्या पट्ट्या तशाच. ही पद्धत आपल्याकडे घरोघर दिसते. तयार भोक मिळतं, भिंत फोडावी लागत नाही, वायरमन तासाभरात मोकळा होतो. काकांनी वायरमनला पुन्हा बोलावलं तेव्हा त्याचा सल्ला सरळ होता: “काका, बारा इंची लावूया. सगळी वाफ खेचून घेईल.”

या टप्प्यावर आम्हाला विचारण्यात आलं.

उदबत्ती घेऊन पाहणी

मोठा पंखा घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी आहे तो पंखा नेमकी कुठली हवा ओढतो हे पाहायचं होतं. त्याला उपकरण लागत नाही. दार लावलं, पंखा चालू केला आणि पेटती उदबत्ती घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहिलो. काचेच्या पट्ट्यांसमोर धरल्यावर धूर आत आला, वीतभर वळला आणि शेजारच्या पंख्यातून बाहेर गेला. कमोडजवळ तो थोडासा खिडकीकडे झुकला. शॉवरखाली मात्र धुराची रेघ सरळ वर चढली, छताला टेकली आणि आढ्याकडच्या कोपऱ्यात घोळत राहिली. पंखा घरघरतोय आणि धूर तिथेच.

म्हणजे पंखा मुख्यतः बाहेरची हवा आत घेऊन पुन्हा बाहेरच टाकत होता. शिवाय गरम, दमट हवा हलकी. ती उतरत्या छताच्या पोटाला धरून वर सरकते आणि सगळ्यात उंच जागी साठते. पंखा होता सगळ्यात बुटक्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर.

आता मोजमाप. खोली 2.4 मीटर लांब, 1.8 मीटर रुंद, सरासरी उंची सुमारे 2.45 मीटर. घनफळ साधारण साडेदहा घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हटली तरी 105 घनमीटर पुरतात. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत बाथरूमच्या पंख्याला सेकंदाला 15 लिटर, म्हणजे तासाला 54 घनमीटर, एवढीच किमान अपेक्षा आहे. बसवलेल्या आठ इंची पंख्याची क्षमता कागदावर 500 च्या आसपास होती, म्हणजे गरजेच्या जवळजवळ पाचपट. बारा इंची आणून काय साधलं असतं? खिडकीतून आणखी जोरात हवा आली असती आणि आवाज वाढला असता.

इथे पहिला निर्णय झाला: मोठा पंखा नको, हवेची वाट बदलायची. शोषण्याचं तोंड सगळ्यात उंच भागात, शॉवरपाशी. हवा आत येण्याची जागा त्यापासून लांब आणि खाली.

समोर आलेले पर्याय

सुतारदादांनी सुचवलेला पर्याय सगळ्यात स्वस्त होता. छताच्या पॅनेलला उंच बाजूला भोक पाडायचं, तिथे पंखा बसवायचा आणि हवा पॅनेल व कौलांच्या मधल्या पोकळीत सोडायची. “कौलांच्या फटींतून जाईल की आपोआप.” कौलारू छत श्वास घेतं हे खरंच आहे, पण भर पावसात कौलं ओली आणि गार असतात. त्यांच्या पोटाला वाफ लागली की थेंब धरतात आणि ते रिपांवर पडतात. वाशांवर जी ओल आपण नकळत पोचवत होतो, ती मुद्दाम पंख्याने पोचवण्यासारखं झालं असतं. हा पर्याय लगेच बाद.

दुसरा, कौलांतूनच नळी वर काढायची आणि टोपी बसवायची. वाफेच्या दृष्टीने हा सगळ्यात जवळचा रस्ता. पण मंगलोरी कौल एकमेकांत खाचेने अडकतं. त्यात गोल भोक पाडून ते कोकणातल्या पावसात गळू न देणं हे कसबी माणसाचं काम आहे. त्यात या गावात माकडांचा उच्छाद. दरवर्षी पाचपन्नास कौलं बदलावी लागतात, तिथे कौलाबाहेर आलेली प्लास्टिकची टोपी म्हणजे त्यांना खेळणंच. काकांनी मान हलवली आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

तिसरा पर्याय म्हणजे दक्षिणेकडची त्रिकोणी भिंत. ही बाहेरची भिंत, शॉवरला लागून, आणि तिच्यावर हवं तितकं उंच जाता येत होतं. सहा इंची साधा पंखा, भिंतीत भोक, काम संपलं. नळी नाही, वळणं नाहीत. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुठल्याही घरात आम्ही हाच पर्याय निवडला असता, आणि या घरातही तो जवळजवळ पक्का झाला होता.

तो बदलला काकूंच्या एका प्रश्नामुळे: “मग झापं कुठे बांधायची?” पावसाचा मारा इथे नैर्ऋत्येकडून येतो. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींना झड लागते म्हणून मृगाच्या आधी तिथे नारळाची झापं, आणि आता बहुतेक ठिकाणी ताडपत्री, बांधतात ती नवरात्राच्या आसपास सोडतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत पंख्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच चार महिन्यांत तो ताडपत्रीमागे. ताडपत्रीला खिडकी ठेवली तर वाऱ्याचा दाब थेट पंख्याच्या पात्यांवर. साधा पात्यांचा पंखा समोरून येणाऱ्या दाबापुढे फार लवकर हार मानतो, आणि त्याच्या मागची आपोआप मिटणारी पट्टी वाऱ्यात रात्रभर आपटत राहते.

राहिला चौथा पर्याय. शोषणाची जाळी उंच बाजूला उतरत्या छतातच ठेवायची, तिथून चार इंची नळी वाशांच्या मधून छताच्या उताराबरोबर खाली आणायची आणि पूर्वेच्या वळचणीखाली बाहेर काढायची. पूर्व ही वाऱ्याच्या आडोशाची बाजू. नळीची लांबी तीन-साडेतीन मीटर, म्हणजे साध्या पात्यांच्या पंख्याचं काम नाही. नळीत बसणारा, दाब सोसणारा इनलाइन पंखा लागणार. खर्च जास्त, सुतारकाम जास्त. पण पावसाची दिशा, माकडं आणि ताडपत्री या तिन्हींतून सुटका होती.

पंखा नळीच्या कुठल्या टोकाला

या प्रकरणातला सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नावर गेला, आणि तो गेला ते बरंच झालं.

उतरत्या छतावर पंखाच बसवला की काही अडचणी येतात. बरेच स्वस्त पंखे भिंतीवर उभे किंवा छताला आडवे बसवण्यासाठी केलेले असतात. तिरके लावले तर बुशवाल्या मोटरचा दांडा एका बाजूला घासत राहतो. बॉल बेअरिंगची मोटर हे सहन करते. वजनाने मिटणाऱ्या पट्ट्या तिरक्या स्थितीत अर्धवट उघड्या राहतात. आणि शॉवरच्या डोक्यावर विजेची वस्तू येते. आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकांत शॉवरच्या जागी जमिनीपासून 2.25 मीटरपर्यंतचा पट्टा विजेच्या दृष्टीने जोखमीचा धरतात. आमची जाळी त्याच्या वर येत होती. पण उतरत्या छताखाली माणूस थोडा सरकला तरी उंचीचा हिशेब बदलतो, हे ध्यानात ठेवावं लागतं.

म्हणून छतात फक्त जाळी ठेवली, जिच्यात हलणारं काही नाही आणि वीजही नाही. मग पंखा कुठे? वाशांची जाडी चार-साडेचार इंच. त्यांच्यामध्ये 110 मिलिमीटरची पीव्हीसी नळी जेमतेम मावते. पंख्याचा डबा त्याहून जाड, तो पॅनेलच्या वर बसूच शकत नव्हता. सुतारदादा उंच बाजूला पॅनेल थोडं खाली घेऊन खोका करायला तयार होते. तसं केलं असतं तर पंखा झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकला असता आणि लाकडी सांगाड्यातून त्याची घरघर थेट उशाशी आली असती. दुसरं म्हणजे पंखा सुरुवातीला असला की पुढची सगळी नळी दाबाखाली असते. एखादा सांधा सुटला तर दमट हवा वाशांमध्ये ढकलली जाते. पंखा शेवटी असला की नळीत ओढ असते आणि सुटलेला सांधा उलट बाहेरची हवा आत घेतो. लाकडाच्या दृष्टीने दुसरी चूक परवडते.

पंखा बाहेरच्या टोकाला, वळचणीखाली लावायचं ठरलं. त्यातून दोन नवे प्रश्न आले. खारी हवा: लोखंडी डबा दोन पावसाळ्यांत गंजेल, म्हणून प्लास्टिकच्या डब्याचा, बॉल बेअरिंगचा आणि पाण्याच्या शिंतोड्यांना तोंड देणारा, आयपीएक्स4 दर्जाचा पंखा घेतला. आणि नळीतलं पाणी: नळी खाली उतरते, आत वाफ थिजते, ते पाणी घरंगळत थेट पंख्यात येणार. त्यासाठी पंख्याच्या अलीकडे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडला, त्याचं तोंड खाली केलं, त्याला बूच आणि अर्ध्या इंची पाण्याची बारीक नळी. पंखा टीच्या पुढे, किंचित चढता.

प्रत्यक्ष काम

काम एप्रिलमध्ये झालं. शोषणाची जाळी अगदी टोकाच्या कोपऱ्यात न बसवता भिंत आणि छत मिळतात तिथून वीतभर अलीकडे घेतली, कारण अरुंद कोनात हवा अडून राहते. शॉवरच्या तोटीच्या नेमकी वर ती येणार नाही एवढं पाहिलं. वळणांसाठी काटकोनी एल्बो टाळून 45 अंशांचे बेंड वापरले. एक काटकोनी एल्बो कित्येक फूट सरळ नळीइतका अडथळा करतो, आणि चार इंची नळीत ते लगेच जाणवतं.

बाहेरचं तोंड वळचणीच्या फळीच्या पुढे काढलं. सुतारदादांना ते दिसायला बरं वाटत नव्हतं, पण कौलारू घराची वळचण उघडी असते. तोंड भिंतीपाशीच संपवलं असतं तर दमट हवा वाशांच्या फटींतून परत माळ्यावर शिरली असती. तोंडाला जाळी लावली, कारण कुंभारमाशी अशा नळीत मातीचं घर करायला टपलेलीच असते.

आत येणाऱ्या हवेसाठी दाराला खाली फूटभर लांब, अर्धा फूट उंच जाळी बसवली. दार पीव्हीसीचं, त्यामुळे कापणं सोपं. दाराखालच्या बोटभर फटीवर भागवता आलं असतं, पण तिथून तासाला शंभर घनमीटर हवा ओढायची तर ती शिट्टी वाजवत आली असती. लूव्हर खिडकीतला जुना पंखा काढला आणि सगळ्या खिडकीला पारदर्शक अॅक्रेलिकचा पत्रा लावून ती बंद केली. उजेड राहिला.

पंखा, नळी, मजुरी धरून खर्च दहा हजारांच्या आत बसला. पंख्याच्या डब्यावर क्षमता तासाला 180 घनमीटर लिहिलेली. नळी आणि वळणं धरून त्याच्या दोन तृतीयांश मिळेल असं गृहीत धरलं होतं. पुन्हा उदबत्ती लावली. दाराच्या जाळीतून धूर आत आला, शॉवरच्या पायाशी पसरला आणि उतरत्या छताला धरून जाळीत शिरला. कमोडच्या पलीकडे, बुटक्या कोपऱ्यात मात्र तो रेंगाळला. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

पंखा चालू कोण करणार

पाहुणा पंखा लावत नाही. घरचा माणूसही लावतोच असं नाही. शहरातल्या हॉटेलांत पंखा दिव्याला जोडतात. इथे दिवसा खिडकीतून भरपूर उजेड येतो, दिवा लागतच नाही. आर्द्रता ओळखून आपोआप चालणारा पंखा बाजारात मिळतो. पण जुलैत कोकणात बाहेरच्याच हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. सत्तर टक्क्यांवर लावलेला सेन्सर पंखा दिवसरात्र चालवत राहील, पंचाण्णववर लावला तर कधी चालेल याचा भरवसा नाही.

मग लक्षात आलं की गरम पाण्याच्या आंघोळीआधी प्रत्येक जण एक गोष्ट न चुकता करतो, ती म्हणजे गीझर लावणं. पंखा गीझरच्या स्विचला रिलेने जोडला आणि गीझर बंद केल्यावर अर्धा तास चालू राहील असा टायमर घातला. कुणी गीझर तसाच विसरला तर पंखाही चालत राहतो. तो बल्बपेक्षा फार वीज खात नाही, आणि त्याच्या आवाजाने निदान गीझरची आठवण होते. मे महिन्यात गार पाण्याने आंघोळ करणाऱ्यांसाठी आणि कमोडच्या वासासाठी वेगळा स्विच दिला. या सगळ्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि धड अर्थिंग हवं, ते आधी नव्हतं. तेही करून घेतलं.

पहिला पावसाळा

आरशावरची वाफ आधी पाऊण तास हटत नव्हती, ती दहा-बारा मिनिटांत जायला लागली. गणपतीत पॅनेल पुन्हा उतरवलं. रिपा कोरड्या होत्या, ओला वासा वाळला होता. टीच्या बारीक नळीतून रोज सकाळी पेलाभर पाणी निघत होतं. ते पंख्यात गेलं असतं तर मोटर पावसाळा ओलांडून गेली नसती.

मात्र टॉवेल वाळले नाहीत, आणि ते वाळतील असं आम्ही सांगितलंही नव्हतं. 33 अंशांच्या वाफाळलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे 35 ग्रॅम पाणी असतं. जुलैतल्या बाहेरच्या हवेत, 26-27 अंशांना, 22-23 ग्रॅम. या फरकाइतकंच पंखा बाहेर नेतो. वाफ असेपर्यंत तो उत्तम काम करतो, वाफ गेली की बाहेरच्या ओल्या हवेखाली उतरू शकत नाही. काकूंनी टॉवेल स्वयंपाकघरातल्या चुलीवरच्या दांडीवर वाळत घालायची जुनी रीत परत सुरू केली, तो प्रश्न तिथेच मिटला.

गीझरच्या मागे, भिंत आणि डबा यांच्या बोटभर फटीत, काळे ठिपके आले. तिथे हवा फिरत नाही. गीझर भिंतीपासून थोडा पुढे घेणं हा एक उपाय आहे. तोवर महिन्यातून एकदा फडकं मारायचं ठरलंय.

वेगळं काय करता आलं असतं

आराखड्याच्या वेळी कुणी पावसाची दिशा विचारात घेतली असती तर बाथरूम उत्तर टोकाला गेलं असतं. तिथे त्रिकोणी भिंतीवर उंच बसवलेला साधा सहा इंची पंखा पुरला असता, नळी आणि इनलाइन पंख्याची गरजच नव्हती. जुन्या घरात पाणी आणि मैला यांच्या नळ्या जिथे सोयीच्या पडतात तिथे बाथरूम जातं, हे समजण्यासारखं आहे. तरी माळ्यावर बाथरूम काढताना हा प्रश्न आधी विचारावा.

आमच्या मते या कामातला खरा वादाचा मुद्दा खिडकी. ती बंद केल्यामुळे बुटक्या बाजूला, बादलीपाशी, हवा मंद राहिली. तसं पाहिलं तर ती खिडकी हवा आत यायला उत्तम जागा आहे: शोषणाच्या जाळीपासून सगळ्यात लांब आणि खाली. खिडकीतून येणारी हवा छताच्या उताराबरोबर चढत पूर्ण खोली धुऊन गेली असती. पण पंख्याचं तोंड तिच्याच डोक्यावर, जेमतेम दोन फुटांवर निघालं. बाहेर टाकलेली दमट हवा परत आत आली असती, म्हणून ती बंद करावी लागली. नळी एक वासा सोडून पलीकडून, खिडकीपासून चारेक फूट बाजूला उतरवली असती तर दोन्ही साधलं असतं. त्या दोन वाशांमध्ये जुनी वायर होती आणि ती हलवायचा दीड दिवस वाचवण्याकडे सगळ्यांचा कल होता; पाऊस तोंडावर होता. वायर बदलायचीच आहे, ती दिवाळीनंतर बदलताना नळी सरकवून खिडकी उघडण्याचं काकांनी मनावर घेतलंय. तोपर्यंत पावसाळा संपला की अॅक्रेलिकचा पत्रा काढतात आणि पंखा बंद असताना खिडकी उघडी ठेवतात.